विद्यापीठाची नवी इमारत आणि शाश्वत रचना सल्लागार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं बांधकाम समितीचे सदस्य, कुलसचिव कार्यालय आणि विद्यापीठ अभियंता यांच्यासाठी आहेत. आकडेमोडीसाठी पुण्याच्या अक्षांशावरची, म्हणजे साधारण १८.५ अंश उत्तरेची, एक इमारत धरली आहे: तळमजला अधिक चार मजले, १०,००० चौरस मीटर, छत २,००० चौरस मीटर, रोजचा वावर १,५०० माणसांचा. तुमची इमारत नागपूरला किंवा रत्नागिरीला असेल तर आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

आर्किटेक्ट आहेत, स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत. मग हा सल्लागार वेगळं काय करतो?

तो आकडा देतो. आर्किटेक्ट म्हणतात, 'पश्चिमेला काच छान दिसेल.' त्या काचेमुळे एसी किती टनांनी वाढेल, ट्रान्सफॉर्मर किती मोठा लागेल आणि वर्षाला किती युनिट जास्त जळतील, हे सल्लागार सांगतो. त्यासाठी इमारतीचं संगणकीय प्रतिरूप करून वर्षाच्या ८,७६० तासांचं हवामान त्यावर चालवतात. याशिवाय पाण्याचा ताळेबंद, साहित्याची निवड, निविदेतली तांत्रिक कलमं, साइटवरची तपासणी आणि हरित इमारतीच्या मानांकनाची कागदपत्रं ही कामं त्याच्याकडे असतात. अनेक ठिकाणी त्याला फक्त शेवटच्या कामासाठी, म्हणजे कागदपत्रांसाठी, बोलावतात. तेवढंच करून घ्यायचं असेल तर पैसे वाचवा, नेमूच नका.

त्याला कधी नेमायचं?

आर्किटेक्टसोबतच, पहिलं रेखाटन होण्याआधी. इमारतीची दिशा, रुंदी, मजल्याची उंची, खिडक्यांचं प्रमाण आणि जिने-स्वच्छतागृहांची जागा पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ठरून जाते. हे सगळं फुकट बदलता येण्याचा काळ तेवढाच. महापालिकेकडे नकाशे दाखल झाल्यावर आलेल्या सल्लागाराच्या हातात महागडी काच, महागडा एसी आणि सोलर एवढेच उपाय उरतात. 'हरित इमारत महाग पडते' ही तक्रार बहुतेक वेळा अशाच उशिरा झालेल्या नेमणुकीतून येते.

इमारतीचं तोंड कुठे असावं?

लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेला, आखूड बाजू पूर्व-पश्चिमेला. हे सगळे जाणतात, तरी प्रवेशद्वार रस्त्याला समोर हवं म्हणून अर्ध्या इमारती पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहतात. प्रवेश रस्त्याकडून ठेवूनही वर्गखोल्या उत्तर-दक्षिण लावता येतात. फक्त दर्शनी भाग म्हणजेच इमारत हा समज सोडावा लागतो.

पश्चिमेला काय ठेवायचं? जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहं, भांडारं, नाहीतर सरळ व्हरांडा. मजल्याची रुंदी १५ ते १८ मीटरपेक्षा वाढू देऊ नका. उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन-अडीच पट आतपर्यंतच नीट पोहोचतो. लिंटेल, म्हणजे खिडकीवरची तुळई, २.१ मीटरवर असेल तर पाच मीटरच्या पुढचे बाक भर दुपारी ट्यूबलाइटखाली बसतात. तीच कड २.७ मीटरवर नेली की उजेड साडेसहा मीटरपर्यंत जातो. खर्च जवळजवळ शून्य. तो नकाशावरच करायला हवा, इतकंच.

छज्जा किती बाहेर काढायचा?

इथे पाठ्यपुस्तकातला दोन फुटी छज्जा चारही बाजूंना सारखा मारला जातो आणि तिथेच चूक होते. प्रत्येक दिशेचा हिशेब वेगळा.

दक्षिण: २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास पुण्यात दुपारी सूर्य ७१.५ अंशांवर असतो. दीड मीटर उंचीची खिडकी पूर्ण सावलीत यायला ५० सेंटिमीटर छज्जा पुरतो. पण ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य ६३ अंशांपर्यंत उतरलेला असतो, आकाश मोकळं असतं आणि सत्र ऐन भरात असतं. ऑक्टोबर हीटमध्ये त्याच खिडकीला दुपारी ७५ सेंटिमीटर लागतात. म्हणून दक्षिणेला ७५ धरा. डिसेंबरात सूर्य ४८ अंशांवर येतो आणि थोडं ऊन आत शिरतं; ते हवंच असतं.

पश्चिम: एप्रिलच्या मध्यात घड्याळात साडेचारच्या सुमारास सूर्य सुमारे ३१ अंशांवर आणि नेमका पश्चिमेला असतो. त्याच खिडकीला आता सुमारे अडीच मीटर छज्जा लागेल. अडीच मीटरचा छज्जा म्हणजे व्हरांडाच! जुन्या इमारतींत पश्चिमेला रुंद ओवऱ्या का असायच्या, याचं उत्तर या त्रिकोणमितीत आहे. व्हरांडा शक्य नसेल तर उभी जाळी किंवा तिरप्या उभ्या पट्ट्या लावा आणि खिडक्या कमी करा.

उत्तर: 'उत्तरेला ऊन येत नाही' हे दिल्लीत बऱ्यापैकी खरं, महाराष्ट्रात नाही. शून्य सावली दिवस, म्हणजे पुण्यात १३ मे, उलटला की ३१ जुलैपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. शिवाय मार्च अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सकाळी लवकर आणि संध्याकाळी तो उत्तर भिंतीवर तिरपा येतो. उत्तरेला आखूड छज्जा आणि बाजूला एक फुटी उभी पट्टी पुरते.

आणखी दोन गोष्टी. छज्जा पावसासाठीही आहे. नैर्ऋत्येकडून येणारी झड लक्षात घेऊन बाहेरच्या दिशेने उतार आणि खाली पाणीतोड, म्हणजे पाणी भिंतीकडे वळू न देणारी खाच, द्या. आणि सपाट, रुंद छज्जा म्हणजे कबुतरांची वसाहत. वरचा पृष्ठभाग उतरता ठेवा आणि एसीचे बाहेरचे युनिट तिथे ठेवू देऊ नका.

काच किती चालेल?

ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या, म्हणजे ईसीबीसीच्या, २०१७ च्या आवृत्तीत भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंत खिडक्यांची मुभा आहे. मुभा आहे म्हणून वापरायची असं नाही. वर्गखोल्यांना २० ते २५ टक्के भरपूर होतात. त्याच संहितेनुसार उष्ण-कोरड्या, उष्ण-दमट आणि संमिश्र हवामानात उत्तर सोडून इतर दिशांच्या काचेतून उन्हाच्या उष्णतेचा ०.२७ पेक्षा जास्त हिस्सा आत येता कामा नये. या गुणांकाला एसएचजीसी म्हणतात. दुकानदार 'रिफ्लेक्टिव्ह आहे, थंड आहे' असं सांगतो. ते पुरत नाही. तीन आकडे लेखी घ्या: एसएचजीसी, यू-मूल्य (उष्णता किती सहज आरपार जाते तो आकडा) आणि आत येणाऱ्या दृश्य प्रकाशाचं प्रमाण. आरशासारखी काच उष्णतेबरोबर उजेडही अडवते आणि मग दिवसा दिवे लागतात.

वर्गखोल्यांना एसी लावायचा का?

बहुतेक वर्गांना नाही. हा तोंडी मत देण्याचा विषय नाही, हिशेबाचा आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात तयार झालेलं 'आयमॅक' हे, किती तापमान सुखकर वाटेल ते सांगणारं, भारतीय प्रतिमान राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्येही घेतलं आहे. नैसर्गिक हवेच्या इमारतीसाठी त्याचं सूत्र असं: मागच्या ३० दिवसांच्या बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणा आणि १२.८३ मिळवा. बाहेरची सरासरी २८ अंश असेल तर आत साधारण २८ अंश सुखकर वाटतात आणि त्यावर २.३८ अंश, म्हणजे ३०.३ अंशांपर्यंत, ९० टक्के लोकांना चालतं. एसीची सवय असलेल्या समिती-कक्षात बसून हा आकडा पटत नाही. वर्गात पंख्याखाली बसून पटतो.

ते साधायला तीन गोष्टी लागतात. समोरासमोर खिडक्या, म्हणजे एका बाजूला वर्ग आणि एका बाजूला मोकळा कॉरिडॉर. पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या, कारण सरकती खिडकी निम्मीच उघडते. आणि पंखे. १,२०० मिलिमीटरचा जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. २०० पंखे, दिवसाला ८ तास, वर्षाला २०० दिवस धरले तर १४,४०० युनिट वाचतात. दिव्यांच्या रांगा आणि पंखे यांची मांडणी एकत्र करा. दिव्याखाली पंखा आला की फळ्यावर उजेड लुकलुकतो.

दख्खनच्या पठारावर मार्च-एप्रिलच्या रात्री थंड होतात. ती थंड हवा आत घेऊन भिंती आणि स्लॅब गार केले तर सकाळचे वर्ग बरे जातात. कागदावर हे सुंदर दिसतं. प्रत्यक्षात रखवालदार सहा वाजता सगळ्या खिडक्या लावून घेतो आणि त्याचं काही चुकत नाही. म्हणून छताजवळ जाळीचे, पाऊस आत न घेणारे, रात्री उघडे राहू शकतील असे झरोके नकाशातच द्या. कोकण किनाऱ्यावर रात्रीही दमट उकाडा असतो, तिथे ही युक्ती चालत नाही. तिथे वारा आणि पंखे यांवरच भिस्त.

सभागृह, सर्व्हर कक्ष, काही प्रयोगशाळा आणि ग्रंथालयाचा संग्रह यांना एसी द्या. पण ते एकमेकांजवळ आणा, म्हणजे यंत्रणा आटोपशीर राहते.

रासायनिक प्रयोगशाळांचं काय?

त्यांना वर्गखोल्यांच्या हिशेबात घेऊ नका. दीड मीटर रुंदीचं फ्यूम हूड (रसायनांची वाफ बाहेर ओढणारं कपाट) अर्धा मीटर उघडं ठेवून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने हवा ओढलं, तर तासाला १,३५० घनमीटर हवा बाहेर जाते. अशी दहा हूड म्हणजे १३,५०० घनमीटर. खोली वातानुकूलित असेल तर ती सगळी गार हवा तुम्ही धुराड्यातून आकाशात सोडत आहात. एसी वाढवून भागत नाही, कारण एसी हवा थंड करतो, नवी आणत नाही. भरपाईची हवा मुद्दाम द्यावी लागते. दिली नाही तर दार उघडताना जोर लागतो आणि हूड नीट ओढत नाही. विभागाला विचारा: एका वेळी किती हूड खरोखर चालतात? दहा मागितलेली असतात, चालतात चार.

छताला काय करायचं?

वरच्या मजल्यावरचे वर्ग तापतात ते मुख्यतः छतामुळे. नुसत्या १५० मिलिमीटर आरसीसी स्लॅबचं यू-मूल्य साडेतीनच्या आसपास. त्यावर ७५ मिलिमीटर चांगलं पीयूएफ (पॉलियुरेथेन फोम) टाकलं की ते ०.३० वर येतं, म्हणजे उष्णतेची वाट दहा-बारा पटींनी अरुंद होते. आपल्याकडचा ब्रिकबॅट, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा, कोबा पाण्यासाठी चांगला, उष्णतेसाठी बेताचा, आणि वजनाने चौरस मीटरला २०० किलोच्या घरात.

क्रम असा: स्लॅब, जलरोधन, पाणी साठवून दोन-तीन दिवस चाचणी, इन्सुलेशन, उताराचा कोबा, वर पांढऱ्या चिनी मोझॅइक टाइल्स. नुसता पांढरा रंग पहिल्याच पावसाळ्यात शेवाळून काळा पडतो. आणि सोलर पॅनेलचे पाये जलरोधनाच्या आधी ओता. हे विसरल्यामुळे गळणारी छतं मोजू म्हटलं तर मोजता येणार नाहीत: नंतर येणारा सोलरवाला ड्रिलने भोकं पाडतो, आणि गळती सुरू झाली की दोन्ही कंत्राटदार एकमेकांकडे बोट दाखवतात.

एएसी (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंतींना तडे जातात, मग ते का सुचवता?

२०० मिलिमीटर एएसी भिंतीचं यू-मूल्य ०.७ च्या आसपास असतं आणि ब्लॉक विटेच्या निम्म्याहून हलका असतो, त्यामुळे पाया आणि सळईही वाचते. तडे ब्लॉकमुळे कमी, कामामुळे जास्त जातात. ओले किंवा ताजे ब्लॉक लावले, विटेसारखं भिजवून काम केलं, जाड सिमेंट-वाळूचा सांधा भरला, स्तंभाच्या सांध्यावर जाळी मारली नाही, की सहा महिन्यांत आरसीसीच्या कडेने रेष दिसते. पातळ थराचा चिकट मसाला वापरा, ब्लॉक साइटवर झाकून ठेवा, आरसीसीच्या सांध्यावर जाळी लावा, आणि भिंत बांधल्यावर गिलाव्याची घाई करू नका. जड बोर्ड आणि प्रोजेक्टर कुठे टांगायचे ते आधी ठरवून तिथे काँक्रीटचा पट्टा द्या.

सिमेंट बदलून खरंच फरक पडतो?

पडतो. इमारत उभी राहण्याआधीच्या कर्ब उत्सर्जनात सिमेंट आणि पोलाद यांचा वाटा सगळ्यांत मोठा. पीपीसी या मिश्र सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश असते, स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के भट्टीची मळी. गाठ कुठे बसते? ताकद सावकाश येते. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला ७ दिवस पाणी मारायचं, मिश्र सिमेंटला किमान १०. कंत्राटदार जुन्या सवयीने सेंटरिंग लवकर काढायला बघतो. वेळापत्रकात ते दिवस आधीच धरले नाहीत तर भांडण साइट इंजिनिअरच्या गळ्यात पडतं.

पावसाच्या पाण्यावर इमारत चालेल का?

नाही, आणि हे समितीला स्पष्ट सांगितलेलं बरं. २,००० चौरस मीटर छत, वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस, ८० टक्के हाती लागतो असं धरलं तर ११.२ लाख लिटर मिळतात. राष्ट्रीय इमारत संहितेच्या ४५ लिटर दरडोई प्रमाणे १,५०० माणसांना रोज ६७,५०० लिटर लागतात. म्हणजे वर्षभराचा पाऊस जेमतेम १७ दिवसांचा. आता तोट्यांना एरेटर (धारेत हवा मिसळून पाणी वाचवणारी जाळी), कमी पाण्याचे फ्लश आणि गळतीवर लक्ष यांनी गरज २५ लिटरवर आणली, तर रोज ३०,००० लिटर, २२० दिवसांत ६६ लाख लिटर वाचतात. तोटी टाकीपेक्षा सहापट मोठी निघाली.

तरी छतावरचं पाणी गोळा कराच. ते स्वच्छ असतं. मोसमातल्या पहिल्या पावसाचे सुरुवातीचे २ मिलिमीटर, म्हणजे ४,००० लिटर, बाहेर सोडण्याची सोय ठेवा. ५० मिलिमीटरच्या एका जोरदार पावसात ८०,००० लिटर येतात, टाकीचा विचार त्यावरून करा.

पुनर्भरणाचा खड्डा मात्र डोळे मिटून खणू नका. काळ्या मातीत पाणी मुरत नाही. माती फुगते आणि खड्ड्याचं डबकं होतं. मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं. एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा खणून पाणी भरा आणि तासाला किती उतरतं ते मोजा. पार्किंगचं पाणी बोअरवेलमध्ये कधीही सोडू नका. बेसाल्टच्या भेगांतून तेल थेट भूजलात जातं.

सुट्टी संपली की एसटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाला, वास का मारतो?

कारण जिवाणू उपाशी मेलेले असतात. मे महिन्यात आणि दिवाळीत सांडपाणी येणंच थांबतं. जूनमध्ये अचानक पूर्ण भार येतो आणि टाकीत ते पचवायला कोणी नसतं. त्यात दिवसा चालणाऱ्या इमारतीत आंघोळीचं, कपड्यांचं पाणी नसतं, मुतारीचं जास्त. त्यामुळे अमोनियाचं प्रमाण घरगुती सांडपाण्यापेक्षा चढं असतं. घरगुती आकड्यांवर बेतलेला एसटीपी इथे कमी पडतो.

उपाय: ५४,००० लिटरसाठी (६७,५०० लिटरचे ८० टक्के) एक मोठी टाकी न करता दोन समांतर रांगा करा, सुट्टीत एक बंद ठेवा. दुसरीचे ब्लोअर थांबून थांबून चालू राहू द्या. सत्र सुरू होण्याआधी दोन आठवडे चालू प्रकल्पातला गाळ आणून टाका. जवळच वसतिगृह असेल तर त्याचं सांडपाणी याच प्रकल्पात घ्या. फ्लशमध्ये पिवळट पाणी दिसलं की तक्रार येते आणि कोणीतरी झडप फिरवून नळाचं पाणी जोडतं. म्हणून दोन्ही नळांचे रंग वेगळे ठेवा आणि ताबा घेण्याआधी पाण्यात रंग मिसळून जोडण्या तपासा.

सोलर लावून वीजबिल शून्य होईल?

एका किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर लागतात. टाक्या, लिफ्टची खोली आणि सावल्या वजा जाता २,००० पैकी निम्मं छत मिळालं तर १०० किलोवॅट, वर्षाला साधारण १.४ लाख युनिट. ही इमारत चौरस मीटरला ६० युनिट घेत असेल तर वापर ६ लाख. म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या आसपास. तळमजला धरून पाच मजल्यांवर एकच छत असताना 'नेट झिरो'चा, म्हणजे वर्षभरात वापराइतकीच वीज तयार करण्याचा, फलक लावायचा तर आधी वापर कमी करावा लागतो, मग पार्किंगवर छत. सर्वाधिक वीज उन्हाळ्यात होते, तेव्हा वर्ग रिकामे. परीक्षा लांबल्या तर तेवढ्या पुरते भरलेले. म्हणून नेट मीटरिंगचा, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करण्याचा, अर्ज आधीच करा.

मानांकन कोणतं? आणि कायद्याने काय लागतं?

'गृह' हे टेरी या संशोधन संस्थेचं आणि केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचं देशी मानांकन. त्यात पहिली इमारत आयआयटी कानपूरची पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी केंद्राची, पाच तारे मिळालेली. आयजीबीसी आणि लीड हे दुसरे पर्याय. सार्वजनिक विद्यापीठाला गृह सोयीचं जातं. नॅकच्या मूल्यांकनात हरित परिसराला गुण आहेत म्हणून अनेक जण मानांकनाकडे वळतात. वळा, पण फक्त गुणांसाठी सायकल स्टँड आणि फलक वाढवू नका.

राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मानांकनानुसार ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव एफएसआय (बांधकामाला मिळणारं चटईक्षेत्र) आहे. १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणीपासून पुढच्या इमारती ईसीबीसीच्या कक्षेत येतात. बांधकाम २०,००० चौरस मीटरवर जात असेल तर पर्यावरण मंजुरीचा विषय आधी तपासा. शैक्षणिक इमारतींना दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली.

अहवालात सगळं छान असतं, इमारतीत उतरत का नाही?

कारण ते निविदेत उतरलेलं नसतं. सार्वजनिक विद्यापीठात जे दरसूचीत नाही ते 'नॉन-डीएसआर आयटम', त्याला दर-विश्लेषण आणि तीन कोटेशनं लागतात. तो कंटाळा टाळण्यासाठी अंदाजपत्रक करणारा जुनाच आयटम घालतो. म्हणून सल्लागाराच्या करारातच लिहा: दरसूचीबाहेरच्या प्रत्येक आयटमचं वर्णन, दर-विश्लेषण आणि मोजमापाची पद्धत त्यानेच द्यायची.

'किंवा समतुल्य' या दोन शब्दांतून सगळं निसटतं. समतुल्य कशात, तो आकडा लिहा. काच: एसएचजीसी किती. इन्सुलेशन: जाडी, घनता, उष्णतावाहकता किती. पंखा: वॅट किती, हवा किती. नमुना मंजूर करून सही-शिक्क्यासह साइट ऑफिसात ठेवा. झाकलं जाणारं काम, म्हणजे छताचं इन्सुलेशन, भिंतीतल्या नळ्या, एसीच्या नळ्यांवरची इन्सुलेशनची गुंडाळी, मोजपट्टीसह फोटो आणि तपासणी नोंदीशिवाय बिलात घेऊ नका. खर्च कमी करण्याच्या बैठकीत पहिली कुऱ्हाड सावलीच्या पट्ट्यांवर पडते, कारण त्या 'शोभेच्या' वाटतात. त्या काढल्या तर एसीचं टनेज फिरून मोजायचं, अशी अट इतिवृत्तात नोंदवा.

सल्लागार निवडताना काय विचारायचं?

दोन वर्षं वापरात असलेल्या त्याच्या एखाद्या इमारतीची १२ महिन्यांची वीजबिलं मागा आणि त्याने तेव्हा वर्तवलेला आकडा शेजारी ठेवा. फरक असणारच, तो का पडला हे त्याला सांगता आलं पाहिजे. सोलर, एसी किंवा काच विकणाऱ्या कंपनीशी त्याचे लागेबांधे नसावेत. मोबदला ठोक ठेवा, बांधकाम खर्चाच्या टक्केवारीत नको, नाहीतर खर्च वाचवण्याची त्याला शिक्षाच होते. रक्कम टप्प्यांत द्या आणि शेवटचा चांगला मोठा हप्ता पहिल्या वर्षाच्या वापरानंतर.

ताबा घेतल्यावर त्याचं काम संपतं का?

एक वर्ष तरी नाही. पावसाळा, ऑक्टोबर, थंडी आणि एप्रिल असे चार ऋतू इमारतीने पाहिले पाहिजेत. दिवे-पंखे, एसी, प्रयोगशाळा, लिफ्ट-पंप यांना वेगळे मीटर लावा आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वहीत आकडे लिहा. रविवारी मध्यरात्रीचा वापर एकदा जाऊन बघा. रिकाम्या इमारतीत १५-२० किलोवॅट चालू दिसले तर शोध तिथूनच सुरू करायचा: बहुतेक वेळा सापडतात ते विसरलेले एक्झॉस्ट पंखे, सतत फिरणारा ब्लोअर आणि वरची टाकी वाहत असतानाही चालू राहिलेला पंप. दोषदायित्व कालावधी संपण्याच्या तीन महिने आधी ही यादी कंत्राटदाराच्या हातात पडली पाहिजे.